‘बेल्लुम’मधला हरवलेला ‘द’

दोनचा पाढा म्हणताना आपण ‘दोन एके दोन’ असे म्हणत नाही. ‘बे एके बे, बे दुणे चार’ असे म्हणतो. मोजताना दोन आणि पाढ्यात बे, याचे लहानपणी कुणाला नवल वाटत नाही. पुढे बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव असे आकडे येतात. शेवटी दोनचा आकडा असलेल्या या प्रत्येक संख्येच्या नावात ‘ब’ बसलेला आहे. भाऊबीजेतली ‘बीज’सुद्धा मुळात द्वितीयाच. संस्कृतात या सगळ्या शब्दांच्या तोंडाशी ‘द्व’ होता: द्वादश, द्वाविंशति, द्वात्रिंशत्, द्वितीया. प्राकृतातून मराठीत येईपर्यंत त्या ‘द्व’चा ‘ब’ झाला.

हीच गोष्ट इटलीत, लॅटिन भाषेतही घडली. युद्धाला लॅटिनमध्ये ‘बेल्लुम’ म्हणतात. इंग्रजीतले रिबेल, रिबेलियन, बेलिजरंट हे शब्द त्याच्याच घरातले. या ‘बेल्लुम’मधला ‘ब’ मूळचा नाही. तो शब्द आधी ‘दुएल्लुम’ होता, आणि त्यातला ‘उ’ पूर्ण स्वर नसून ‘दु’ हा ‘द्व’सारखा एका झटक्यात उच्चारला जाई. म्हणजे साधारण ‘द्वेल्लुम’. पाढ्यातला ‘बे’ ज्या वाटेने आला, त्याच वाटेने ‘बेल्लुम’ आला. हे एवढे ठामपणे सांगता येते, कारण त्याचे लेखी पुरावे आहेत. त्याच्या मागे गेले की मात्र वाट फुटते आणि एक मोठा चकवाही लागतो.

युद्ध वेगळे, लढाई वेगळी

लॅटिनमध्ये लढण्याला एकच शब्द नव्हता. ‘पुग्नुस’ म्हणजे मूठ. तिच्यावरून ‘पुग्ना’ म्हणजे लढाई आणि ‘पुग्नारे’ म्हणजे लढणे. आपण ‘प्रकरण हातघाईवर आले’ म्हणतो, त्यात जसा हात उघड दिसतो तशी पुग्नामध्ये मूठ उघड दिसते. त्या शब्दाचे मूळ शोधायला फार खोदावे लागत नाही.

बेल्लुम हा त्याहून मोठ्या मापाचा शब्द. पुग्ना एका दिवसाची, एका मैदानावरची. बेल्लुम म्हणजे रीतसर पुकारलेले, वर्षानुवर्षे चालणारे, तहाने किंवा पाडावाने संपणारे युद्ध. पानिपतावरचा 14 जानेवारी 1761 हा दिवस पुग्ना म्हणावा लागेल, आणि त्याच्या आधीची सबंध मोहीम धरली तर बेल्लुम. रोमन लोकांच्या कायद्यात, धर्मविधीत आणि इतिहासलेखनात बेल्लुमला जी जागा होती ती पुग्नाला कधीच नव्हती. म्हणूनच या शब्दाचे जुने रूप शिलालेखांत, मंत्रांत आणि देवीच्या नावात जपून राहिले.

पितळी नव्हे, काशाचा पुरावा

1640 साली दक्षिण इटलीत, कालाब्रियातल्या तिरिओलो गावी बांधकाम चालू असताना काशाचा एक पत्रा सापडला. तो आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यावर रोमच्या सेनेटचा इ.स.पू. 186 चा हुकूम कोरलेला आहे. बाक्खुस या मद्यदेवाच्या गुप्त उत्सवांवर निर्बंध घालणारा हा हुकूम. सुरुवातीलाच सभा कधी आणि कुठे भरली ते लिहिले आहे: ऑक्टोबरच्या नोने दिवशी, म्हणजे 7 तारखेला, ‘दुएलोना’च्या देवळापाशी.

ही दुएलोना म्हणजे युद्धदेवी. सगळ्या अभिजात लॅटिन ग्रंथांत तिचे नाव ‘बेल्लोना’ असे येते. पत्र्यावर मात्र तिच्या नावाची सुरुवात डी, व्ही, ई या अक्षरांनी होते. तेव्हाच्या रोमन लिपीत ‘उ’ आणि ‘व’ या दोन्हींसाठी व्ही हे एकच अक्षर होते, म्हणून ‘दुए’ आणि ‘द्वे’ लिहिताना सारखेच दिसत. ‘ल’ही एकदाच कोरला आहे, कारण या पत्र्यावर जोडाक्षरातला दुहेरी व्यंजन कुठेच दोनदा लिहिलेला नाही, बाक्खुसच्या उत्सवाच्या नावातला ‘क’सुद्धा एकेरीच आहे. तेव्हा या एका नावात लेखनिकाची चूक शोधायचे कारण नाही.

तोवर बोलण्यात मात्र ‘ब’ आला असावा. त्याच काळातला नाटककार प्लाउतुस (मृत्यू इ.स.पू. 184) सर्रास बेल्लुम वापरतो, आणि एखाद्या पात्राने रणांगणाचे वर्णन थाटात करायचे असेल तेव्हाच त्याच्या तोंडी दुएल्लुम घालतो. सरकारी कागदांची भाषा बोलीच्या मागे चालते. आपल्या खरेदीखतांत अजून ‘मौजे’ लिहितात. गावाला जाताना कुणी ‘मौजे अमुक येथे निघालो’ असे म्हणत नाही.

त्याहून मागे जाऊ. रोममध्ये स्किपिओ घराण्याच्या थडग्यांत लुकिउस कोर्नेलिउस स्किपिओचा लेख आहे. हा इ.स.पू. 259 चा कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेला रोमचा सर्वोच्च अधिकारी. ‘चांगल्या माणसांतला सर्वोत्तम’ असे त्याचे वर्णन करताना तिथे ‘दुओनोरो’ हे रूप कोरले आहे. पुढच्या लॅटिनमध्ये हाच शब्द ‘बोनोरुम’ होतो. ‘बोनुस’ म्हणजे चांगला, ज्यावरून दिवाळीचा बोनस आला. त्याच्याही मागचा पुरावा 1880 मध्ये रोमच्या क्विरिनाल टेकडीवर हाइन्रिख ड्रेसेल यांना मिळाला: एकमेकांना चिकटलेल्या तीन छोट्या मडक्यांचे एक भांडे, भोवताली कोरलेली अक्षरे, साधारण इ.स.पू. सहाव्या शतकातली. त्यात ‘दुएनोस’ हा शब्द आहे. संपूर्ण मजकुराच्या अर्थावर आजही वाद आहेत, पण दुएनोस म्हणजे बोनुसचे जुने रूप याविषयी वाद नाही.

म्हणजे एकाच शब्दाच्या तीन पायऱ्या दगडावर आणि मातीवर उरल्या आहेत: दुएनोस, मग दुओनोस, मग बोनुस. ‘दुएल्लुम ते बेल्लुम’ हा प्रवास या जिन्यावरचाच आहे.

रोमन विद्वानांनाही हे माहीत होते. इ.स.पू. 46 मध्ये वक्तृत्वावर लिहिताना रोमन वक्ता किकेरो (आपण सिसेरो म्हणतो) सांगतो की दुएल्लुमचे बेल्लुम झाले, ‘दुइस’चे ‘बिस’ झाले, आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे आरमार बुडवणाऱ्या दुएल्लिउसलाही लोक बेल्लिउस म्हणू लागले, जरी त्याचे पूर्वज सदैव दुएल्लिउसच होते. हा तोच गाइउस दुइलिउस, ज्याने इ.स.पू. 260 मध्ये सिसिलीजवळ मिलायच्या समुद्रात रोमला पहिला मोठा आरमारी विजय मिळवून दिला. ध्वनिबदलाचा रेटा इतका की माणसाचे आडनावही त्यातून सुटले नाही.

जुने रूप सर्वांत जास्त टिकले ते मंत्रात. इतिहासकार लिवी याने युद्ध पुकारण्याचा प्राचीन विधी दिला आहे. फेतिआलिस नावाचा पुरोहित लोखंडी पात्याचा किंवा टोक जाळून कडक केलेला, रक्ताने माखलेला भाला घेऊन शत्रूच्या सीमेवर जाई आणि किमान तीन सज्ञान पुरुषांच्या देखत तो पलीकडे फेकी. त्याआधी सेनेटमध्ये मत देताना जे ठरीव शब्द उच्चारायचे, त्यांत ‘पूरो पिओक्वे दुएल्लो’ असे येते: शुद्ध आणि धर्म्य युद्धाने. लिवीच्या काळी बाजारात कुणी दुएल्लुम म्हणत नव्हते. पण मंत्रातला शब्द बदलला तर मंत्र उतरतो, ही समजूत रोमनांचीही होती.

पुढे शत्रू समुद्रापलीकडचे झाले तेव्हा सीमेवर जाणे अवघड झाले. त्यावर काढलेला तोडगा रोमन टीकाकार नोंदवून ठेवतात. रोमवर चालून आलेल्या पिर्रुस या ग्रीक राजाच्या एका कैदी सैनिकाला रोममध्येच जमिनीचा तुकडा विकत घ्यायला लावला. तो तुकडा कायद्याने ‘शत्रूची भूमी’ झाला आणि भाला तिथे फेकला जाऊ लागला. बेल्लोनाच्या देवळासमोरचा तो ‘युद्धस्तंभ’. देवळाचा नवस आप्पिउस क्लाउदिउस याने इ.स.पू. 296 मध्ये, इटलीतल्याच एत्रुस्कन आणि साम्नी लोकांशी लढताना बोलला होता.

‘द्व’चा ‘ब’ होतो कसा

आता तोंडात काय घडते ते पाहू. ‘द’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते, हवा पूर्ण अडते आणि मग सुटते. ‘व’ म्हणताना (इथे ओठ गोल करून म्हटलेला, ‘स्वाद’मधला ‘व’ घ्या) ओठ जवळ येतात पण हवा अडत नाही. ‘द्व’ पटकन म्हणायचे म्हणजे जीभ दातांशी असतानाच ओठ गोल व्हायला लागतात. दोन हालचाली एकमेकींवर चढतात. पिढ्यानुपिढ्या हे घडत राहिले की दोन्हींचे मिळून एक होते: ‘द’कडून हवा अडवण्याची क्रिया उरते, ‘व’कडून ओठांची जागा उरते. ओठांनी हवा अडवली, घोष (कंठातला नाद) कायम राहिला, की जो ध्वनी निघतो तो ‘ब’. म्हणून ‘द गळाला आणि व चा ब झाला’ असे म्हणणे अपुरे आहे. दोघांनीही आपला अर्धा अर्धा वाटा दिला आहे.

ही मधली अवस्था प्रत्यक्ष पाहायची असेल तर जुनागढला जावे लागेल. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे लेख कोरलेली शिळा आहे. राज्याभिषेकानंतर बारा वर्षांनी हा आदेश दिला, असे तिसऱ्या लेखात राजा सांगतो, आणि तो ‘बारा’ तिथे ‘द्बादस’ असा वाचला जातो. ‘द्वादश’ही नाही आणि ‘बारस’ही नाही. ओठ मिटले आहेत, जीभ अजून सुटलेली नाही. त्याच शिळेवर ‘चत्वारः’चे ‘चत्पारो’ झाले आहे: ‘द’ सघोष, म्हणून शेजारच्या ‘व’चा ‘ब’, ‘त’ अघोष, म्हणून शेजारच्या ‘व’चा ‘प’. पाठ्यपुस्तकासाठी मुद्दाम तयार केल्यासारखा नेमका नमुना.

आणि काळ पाहा. अशोकाच्या अभिषेकानंतरची बारा वर्षे म्हणजे सुमारे इ.स.पू. 256. इकडे दुइलिउस मिलायला लढला तो 260 मध्ये, आणि स्किपिओ कॉन्सल झाला तो 259 मध्ये. गिरनारची छिन्नी ‘द्बादस’ कोरत होती तेव्हा रोम आणि कार्थेज यांचे पहिले दीर्घ युद्ध चालू होते, आणि ते लढणाऱ्यांच्या भाषेत ‘द्व’चा ‘ब’ होत होता किंवा नुकताच झाला होता.

यावरून मराठी लॅटिनजवळची ठरत नाही. दोन्ही भाषांनी हा बदल स्वतंत्रपणे केला. दोन्हीकडे माणसाचे तोंड एकच, म्हणून परिणाम एक.

नियम तपासायचा कसा

एका शब्दावरून नियम होत नाही. ‘शब्दाच्या सुरुवातीचा द्व लॅटिनमध्ये ब होतो’ असे म्हणायचे तर तो इतरत्रही लागू पडला पाहिजे. संस्कृत ‘द्विः’ म्हणजे दोनदा, लॅटिन ‘बिस’. लॅटिन ‘बीमुस’ म्हणजे दोन वर्षांचा. तो ‘द्वि’ आणि ‘हिम’ यांचा जोड आहे: दोन हिवाळे पाहिलेला. वासराचे किंवा दारूचे वय सांगायला तो वापरीत. सायकल या शब्दाआधीचा ‘बाय’ तोच.

मग प्रश्न येतो: लॅटिनमध्ये दोनला ‘दुओ’ म्हणतात, तिथे ‘ब’ का नाही? कारण दुओमध्ये ‘उ’ हा पूर्ण स्वर आहे. दु, ओ अशी दोन अक्षरे स्वतंत्र उच्चारली जातात. ‘द’ला चिकटून ‘व’ येतच नाही. नियमाला लागणारी परिस्थितीच नाही, तर नियम चालणार कसा? नेमकी हीच जोडी मराठीत आहे: सुट्टा ‘दोन’ आणि पाढ्यातला ‘बे’, तसे तिकडे सुट्टा ‘दुओ’ आणि ‘बिस’.

दुसरी शंका शब्दाच्या मधल्या ‘द्व’ची. संस्कृत ‘स्वादु’, लॅटिन ‘सुआविस’, म्हणजे गोड. त्याच्या मूळ रूपात मध्ये ‘द्व’ होता. तिथे ‘ब’ न येता नुसता ‘व’ उरला. म्हणून नियमात ‘सुरुवातीचा’ हा शब्द हवाच. ‘पेर्दुएल्लिस’ म्हणजे कट्टर शत्रू या शब्दातही दुएल्लुम मध्यभागी, आडोशाला सापडला आणि तसाच राहिला. त्यावरून ‘पेर्दुएल्लिओ’ हा राजद्रोहाचा गुन्हा. इ.स.पू. 63 मध्ये याच जुनाट गुन्ह्याखाली राबिरिउस नावाच्या सेनेटरवर खटला भरला गेला आणि सिसेरोने त्याचा बचाव केला.

मराठीचा नियम इतका काटेकोर नाही, हेही सांगायला हवे. ‘द्वार’चे आपल्याकडे ‘दार’ झाले. गुजरातीत मात्र ‘बारणुं’. प्राकृत बोलींत दोन्ही वाटा चालू होत्या आणि शेजारच्या बोलींनी एकमेकींकडून शब्द उचलले. ‘बे दुणे चार’ या तीन शब्दांत दोन्ही वाटा एकत्र आहेत: ‘बे’ एका वाटेने आला, ‘द्विगुण’वरून आलेला ‘दुणे’ दुसऱ्या.

एक टोकाचे उदाहरण आर्मेनियन भाषेचे. तिथे दोनला ‘एर्कु’ म्हणतात. दुओ, द्वौ, टू यांच्याशी त्याचे काडीचे साम्य दिसत नाही, तरी तो याच कुळातला सख्खा शब्द आहे, कारण त्या भाषेत सुरुवातीच्या ‘द्व’चा नियमाने ‘एर्क’ होतो. उलट ग्रीक ‘थेओस’ आणि लॅटिन ‘देउस’, दोन्हींचा अर्थ देव, दिसायला भाऊ, पण नाते नाही. देउसचा भाऊ संस्कृत ‘देव’ आहे, थेओस दुसऱ्याच घरचा. व्युत्पत्ती शोधताना कानाला सारखे वाटते त्यावर भिस्त ठेवायची नसते. नियमाने जुळते का तेवढे पाहायचे.

बेल्लुमचा संबंध संस्कृत ‘बल’शी जोडण्याचा मोह याच कसोटीवर गळून पडतो. बेल्लुमचा ‘ब’ उसना आहे, त्याच्या जागी मुळात ‘द्व’ होता. ‘बल’मध्ये ‘द्व’ कधीच नव्हता.

दोनचा चकवा

आता मोठा चकवा. दुएल्लुम, दुओ. युद्ध आणि दोन. युद्धाला दोन बाजू लागतात, मग दुएल्लुम ‘दोन’वरूनच आला असणार, नाही का?

हे उत्तर प्राचीन आहे. रोमन शब्दकोशकार फेस्तुसच्या ग्रंथाचा पाउलुसने केलेला संक्षेप आपल्याकडे आहे. त्यात म्हटले आहे की विजयासाठी दोन पक्ष झगडतात म्हणून दुएल्लुम. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिदोरनेही तेच उतरवून घेतले. मध्ययुगात तर या समजुतीने शब्दाचा अर्थच बदलला. दुएल्लुम हे जुने रूप पुस्तकांतून पुन्हा वर आले, ‘दुओ’शी जोडले गेले, आणि दोन माणसांमधल्या ठरवून केलेल्या झुंजीला, न्यायनिवाड्यासाठीच्या द्वंद्वाला ते नाव पडले. इटालियन ‘दुएल्लो’, फ्रेंच ‘द्युएल’, इंग्रजी ‘ड्युएल’ हे सारे तिथून निघाले. प्लाउतुस आणि लिवीच्या दुएल्लुममध्ये दोनच माणसे असण्याची अट कुठेच नव्हती. हजारोंची सैन्ये त्यात लढत.

मराठी माणसाला हा चकवा जास्तच लागतो, कारण आपल्याकडे ‘द्वंद्व’ आहे आणि ते खरोखरच ‘द्व’ची द्विरुक्ती करून, ‘दोन दोन’ अशा अर्थाने बनले आहे. पण द्वंद्व दोनवरून आले म्हणून दुएल्लुमही तसेच आले, असे होत नाही.

अडते कुठे? शब्दाच्या शेपटीशी. ‘दुओ’ला ‘एल्लुम’ जोडून नाम करण्याची रीत लॅटिनमध्ये नाही. ‘एल्लुस, एल्ला, एल्लुम’ ही शेपटी लॅटिनमध्ये कशी तयार होते ते चांगले ठाऊक आहे: लघुत्व दाखवणारा ‘एलो’ हा प्रत्यय एखाद्या व्यंजनान्त अंगाला लागतो, मधला स्वर पडतो, आणि शेजारी आलेले व्यंजन ‘ल’मध्ये मिसळते. ‘आसिनुस’ म्हणजे गाढव, ‘आसेल्लुस’ म्हणजे छोटे गाढव: ‘न’ आणि ‘ल’ जवळ आले आणि ‘ल्ल’ झाला. मग दुएल्लुममधल्या ‘ल्ल’आड कोणते व्यंजन दडले आहे? दुओकडे द्यायला व्यंजनच नाही.

दोन उमेदवार

एक जुना प्रस्ताव असा की मूळ धातू ‘जाळणे, पोळणे, छळणे’ या अर्थाचा. संस्कृतात तो ‘दुनोति’ या क्रियापदात आहे, आणि ‘दावानल’मधल्या ‘दाव’मध्येही. ग्रीकमध्ये ‘दाइओ’ म्हणजे पेटवणे आणि ‘दुए’ म्हणजे दुःख, हाल. युद्ध म्हणजे जाळपोळ आणि हाल, हा अर्थ लगेच पटतो. पण अडचण पुन्हा तीच. धातूपासून दुएल्लुमपर्यंत यायला मध्ये जे प्रत्यय लागतात त्यांचा दुसरीकडे आधार सापडत नाही. अर्थ पटला म्हणजे काम झाले असे नसते. शब्दाचा सांगाडा उभा राहावा लागतो.

दुसरा प्रस्ताव फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झोर्झ-जाँ पिनो यांनी 1987 मध्ये मांडला, आणि लॅटिन व्युत्पत्तीवर काम करणारे मिखील द वान यांनी 2008 मध्ये तो नोंदवून उचलून धरला. त्यात ‘ल्ल’आडचे व्यंजन ‘न’ आहे, आणि ते येते दुएनोसमधून. मडक्यावरचा तोच दुएनोस. त्याला ‘एलो’ लावले की *दुएनेलोस (न सापडलेल्या, तर्काने उभ्या केलेल्या रूपाआधी तारा देण्याचा प्रघात आहे). मधला ‘ए’ पडतो, *दुएन्लोस. ‘न्ल’चा ‘ल्ल’ होतो, *दुएल्लोस. सुरुवातीच्या ‘द्व’चा ‘ब’ होतो, बेल्लुस. हा बेल्लुस लॅटिनमध्ये प्रत्यक्ष आहे, त्याचा अर्थ सुंदर, छान. फ्रेंच ‘बेल’ आणि इटालियन ‘बेल्ला’ त्याचीच मुले. बेल्लुम हे त्याच विशेषणाचे नपुंसकलिंगी रूप, जे सुटे होऊन नाम बनले, असे पिनो म्हणतात.

सांगाडा तर बिनचूक बसला. पण ‘छान’चे ‘युद्ध’ व्हावे कसे?

इथे दुएनोसचा जुना अर्थ नीट पाहावा लागतो. तो फक्त ‘चांगला’ नव्हता. वेदांत ‘दुवस्’ म्हणजे मान, आदर. दुएनोसचे नाते त्याच्याशी लावतात. स्किपिओच्या थडग्यावर ‘चांगल्या माणसांतला सर्वोत्तम’ म्हटले आहे त्याचा रोख स्वभावाच्या गोडव्यावर नाही. त्याच लेखात पुढे त्याने कोर्सिका बेट घेतले हे कोरले आहे. तो ‘चांगला’ म्हणजे लायक, मर्द, लढवय्या. अशा माणसाने करण्याजोगे कृत्य ते दुएल्लुम, पराक्रमाचे काम. पुढे तेच युद्धाचे सभ्य नाव झाले.

भयंकर गोष्टीला गोमटे नाव देणे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवाही विझत नाही, मालवतो. रणात मेलेल्याला ‘कामी आला’ म्हणतो, ‘धारातीर्थी पडला’ म्हणतो. तलवारीच्या धारेचे तीर्थ केले आणि मरणाची यात्रा. शब्दांचा हा व्यवहार ज्या भाषेत रोज चालतो, तिच्या वाचकाला रोमनांचे ‘मर्दानी काम’ परके वाटू नये.

गंमत म्हणजे रोमनांनाही बेल्लुस आणि बेल्लुम यांची सारखी रूपे खटकत होती. व्याकरणकारांनी त्यावर उलट्या अर्थाचा तोडगा काढला: युद्ध मुळीच ‘बेल्लुस’ नसते म्हणूनच त्याला बेल्लुम म्हणतात. इसिदोरने हेही मत नोंदवले आहे. नाते त्यांना दिसले, फक्त कारण उलटे लावले.

दोन्ही प्रस्तावांत मला पिनोंचा बळकट वाटतो, कारण त्यात प्रत्येक पायरीला दुसऱ्या शब्दाचा आधार आहे. तरी तो सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. *दुएनेलोस कुठल्याही मडक्यावर सापडलेला नाही, आणि मधला अर्थ, म्हणजे ‘पराक्रमाचे काम’, असा दुएल्लुमचा वापर एकाही लेखात मिळत नाही. दुएल्लुम पहिल्यांदा दिसतो तो थेट युद्ध होऊनच.

शब्द हरला

लॅटिनपासून निघालेल्या भाषांत बेल्लुम उरला नाही. युद्धाला इटालियनमध्ये ‘ग्वेर्रा’ म्हणतात, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘गेर्रा’, फ्रेंचमध्ये ‘गेर’. हा लॅटिन शब्दच नाही. जर्मानिक टोळ्यांच्या ‘वेर्रा’ म्हणजे गोंधळ, भांडण या शब्दापासून तो आला. इंग्रजी ‘वॉर’ही तिथलाच. साम्राज्य मोडले तेव्हा सैन्यांत जर्मानिक लोक भरले होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण बेल्लुसच. शेवटचा ‘म’ बोलण्यातून केव्हाच गेला होता, ‘उस’चाही ‘स’ अनेक ठिकाणी गेला, आणि ‘सुंदर’ व ‘युद्ध’ हे दोन शब्द ऐकायला एक झाले. रोजच्या वापरातल्या ‘सुंदर’ने जागा राखली.

बेल्लुम उरला तो जोडशब्दांत आणि पंडितांच्या लिखाणात. ‘रेबेल्लिस’ म्हणजे हरवल्यावर पुन्हा युद्ध उभे करणारा. रोमने जिंकलेल्या टोळ्यांसाठी वापरायचा शब्द, ज्यावरून रिबेल. ‘बेल्लुम गेरेरे’ म्हणजे युद्ध चालवणे, त्यावरून बेलिजरंट. ‘कासुस बेल्ली’, युद्धाला निमित्त झालेली घटना, आजही राजनैतिक भाषेत जशीच्या तशी येते. आणि त्याचे जुने रूप, ज्याचा ‘द’ रोमनांनी सिसेरोच्याही आधी टाकून दिला होता, ते ‘ड्युएल’मध्ये अजून जिवंत आहे, चुकीने लावलेल्या ‘दोन’च्या आधारावर.